वंशशोध : स्कॉटलंडहून अमेरिकन वसाहतींत आलेल्या पूर्वजाचा माग

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांचा विषय एकच आहे. १७७६ पूर्वी, म्हणजे अमेरिका ब्रिटिश वसाहत असताना, स्कॉटलंडहून तेथे येऊन स्थायिक झालेल्या पूर्वजाचा माग कसा काढावा, असे या सर्वांनी विचारले आहे. बहुतेक पत्रलेखक अमेरिकेत राहणारे असून सून, जावई किंवा नातवंडे यांच्या घराण्याचा इतिहास लिहून ठेवावा, अशी त्यांची इच्छा आहे. एका पत्राच्या उत्तरातील माहिती दुसऱ्यालाही उपयोगी पडेल, म्हणून ती येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमचे जावई नॉर्थ कॅरोलिनातील कॅम्पबेल घराण्यातील आहेत. त्यांच्या घरात असे सांगतात की, मूळ पुरुष स्कॉटलंडमधील कलोडनच्या लढाईत, ब्रिटनच्या गादीसाठी बंड करून उठलेल्या स्ट्युअर्ट राजपुत्र चार्ल्सच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि त्याला केप फिअर नदीच्या खोऱ्यात हद्दपार करण्यात आले. तो पश्चिम स्कॉटलंडमधील आर्गाइलचा ड्यूक, म्हणजे कॅम्पबेलांचा प्रमुख सरदार, याचा जवळचा नातलग होता, असेही म्हणतात आणि इंटरनेटवरील एका वंशवृक्षात त्याला थेट ड्यूकच्या घराण्याशी जोडलेले आहे. नातवंडांसाठी हे सारे नीट लिहावयाचे आहे. सुरुवात कोठून करावी? (वाचक, शार्लट)

उत्तर : सुरुवात जावयांपासून करावी, ड्यूकपासून नव्हे. जावई, त्यांचे वडील, त्यांचे आजोबा अशा क्रमाने एकेक पिढी मागे जावे आणि प्रत्येक पिढीत ‘हा याचाच मुलगा’ हे सांगणारा कागद हाती आल्याशिवाय पुढची पायरी चढू नये. घरात सांगितली जाणारी हकिकत टाकून देऊ नये, पण ती पुरावा म्हणूनही धरू नये. ती जशी ऐकली तशी, कोणाकडून ऐकली त्याच्या नावासह वेगळी लिहून ठेवावी आणि मग तिच्यातील एकेक विधान तपासावे.

आपल्या हकिकतीतील विधाने तपासली तर पहिलीच अडचण उभी राहते. कलोडनची लढाई १६ एप्रिल १७४६ रोजी झाली आणि तिच्यात आर्गाइलचे कॅम्पबेल मुख्यतः सरकारच्या बाजूने, म्हणजे चार्ल्सच्या विरुद्ध लढले. कॅम्पबेल आडनावाचे काही लोक बंडखोरांकडेही होते, त्यामुळे गोष्ट अशक्य नाही. परंतु पकडलेल्या ज्या बंडखोरांना समुद्रापार पाठवले, त्यांची रवानगी प्रामुख्याने कॅरिबियन बेटे आणि मेरीलँड येथे झाली. याउलट केप फिअरच्या खोऱ्यात आर्गाइलमधील सुमारे साडेतीनशे लोकांचा मोठा गट १७३९ मध्येच, कलोडनच्या सात वर्षे आधी, येऊन पोहोचला होता आणि त्याच्या पुढाऱ्यांत मॅकनील व कॅम्पबेल ही आडनावे ठळक होती. या लोकांना कोणी हद्दपार केले नव्हते. १७३० च्या दशकात आर्गाइलच्या ड्यूकने जो अधिक खंड देईल त्याला जमीन देण्याची पद्धत आपल्या मुलखात सुरू केली. ड्यूककडून मोठी जमीन घेऊन ती पोटकुळांना लावणारे, टॅक्समन म्हणून ओळखले जाणारे मध्यम प्रतीचे लोक या बदलात अडचणीत आले. त्याच सुमारास नॉर्थ कॅरोलिनाचा गव्हर्नर गेब्रिएल जॉन्स्टन हा स्वतः स्कॉटिश होता आणि तेथील विधिमंडळाने गटाने येणाऱ्या वसाहतकऱ्यांना दहा वर्षे करमाफी देऊ केली. ज्या घराण्यांत ‘कलोडननंतर हद्दपारी’ अशी हकिकत चालत आलेली असते, त्यांचा मूळ पुरुष पुष्कळदा जमिनीसाठी आपखुशीने आलेला निघतो. पराभूत वीराची गोष्ट सांगावीशी वाटते, खंडवाढीची वाटत नाही. परंतु घरदार विकून, अनोळखी अरण्यात शेत काढण्यासाठी मुलाबाळांसह निघणाऱ्या माणसाची गोष्टही नातवंडांना सांगण्याच्या तोलामोलाची आहे, असे मला मनापासून वाटते.

आता कागदांकडे वळू. अमेरिकेच्या जनगणनेत घरातील प्रत्येक माणसाचे नाव आणि जन्मस्थान १८५० पासून मिळते. १७९० च्या पहिल्या गणनेपासून १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असते. त्यामुळे १८५० च्या मागे गेल्यावर मृत्युपत्रे, खरेदीखते, करयाद्या आणि न्यायालयाच्या नोंदी यांवर भिस्त ठेवावी लागते आणि हे सर्व कागद काउंटीनुसार ठेवलेले असतात. येथे पुष्कळ लोक फसतात. ब्लेडन काउंटी १७३४ मध्ये झाली, तिच्यातून १७५४ मध्ये कंबरलँड निघाली, कंबरलँडमधून १७८४ मध्ये मूर काउंटी निघाली. एखादे कुटुंब पन्नास वर्षे एकाच शेतावर राहिले, तरी त्याचे कागद तीन काउंट्यांत विखुरलेले असू शकतात. रॅली येथील राज्य पुराभिलेखागारात जमीन-सनदांची कागदपत्रे आहेत. सनदेपूर्वी मोजणी होत असे आणि मोजणीच्या नकाशावर साखळी धरणाऱ्या दोघांची नावे लिहिलेली असत; हे दोघे बहुधा भाऊ, मेहुणे किंवा शेजारी असत. ही नावे टिपून ठेवावीत. स्कॉटिश हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर व पश्चिमेकडील डोंगराळ भागातील लोक, एकेकटे आले नाहीत, शेजारपाजारासह आले. आपल्या माणसाचा मूळ गाव कोणत्याच कागदात सापडला नाही, तरी साखळी धरणाऱ्या शेजाऱ्याचा एखाद्या वेळी सापडतो, आणि तेवढ्यावरून आर्गाइलमधील कोणत्या पॅरिशकडे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील गावांकडे, पाहावे हे कळते. स्कॉटिश लोकांच्या प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या जुन्या चर्चांच्या आवारातील थडग्यांवरही काही ठिकाणी जन्मगाव कोरलेले आहे.

आणखी एक जागा आवर्जून पाहावी. स्वातंत्र्ययुद्धात केप फिअरचे पुष्कळ हायलँडर राजाच्या बाजूने उभे राहिले आणि २७ फेब्रुवारी १७७६ रोजी मूर्स क्रीकच्या पुलाजवळ त्यांचा पराभव झाला. चार्ल्सला स्कॉटलंडमधून निसटण्यास मदत करणाऱ्या फ्लोरा मॅकडोनाल्डचा पतीही तेथेच पकडला गेला. ज्या राजनिष्ठांची मालमत्ता या युद्धात गेली, त्यांनी नंतर ब्रिटिश सरकारकडे भरपाईचे दावे केले. हे दावे लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय पुराभिलेखागारात आहेत आणि त्यांत दावेदार आपण कोठले, अमेरिकेत कोणत्या साली आलो, जमीन किती होती, हे पुष्कळदा स्वतःच सांगतो. त्या काळातील याइतके बोलके कागद फार थोडे आहेत.

ड्यूकशी नाते हा शेवटचा मुद्दा. हायलँडमध्ये कुळाच्या (क्लॅनच्या) प्रमुखाच्या आश्रयाला राहणाऱ्या रयतेनेही त्याचे आडनाव घेतलेले असे; त्यामुळे आडनावाच्या सारखेपणावरून रक्ताचे नाते सिद्ध होत नाही. इंटरनेटवरील त्या वंशवृक्षात ज्या ठिकाणी नॉर्थ कॅरोलिनातील माणूस आर्गाइलमधील वडिलांना जोडला आहे, त्या एका जोडाखाली कोणता कागद दिला आहे एवढेच पाहावे. तेथे दुसऱ्या वंशवृक्षाचाच हवाला असेल, तर तो जोड नाही असे समजून आपण आपले काम पुढे चालवावे.

प्रश्न : सुनेच्या घराण्यातील पहिला पुरुष १६९० च्या आसपास व्हर्जिनियात आला असे म्हणतात. त्याच्या जहाजाचे नाव, प्रवाशांची यादी किंवा नागरिकत्वाचा दाखला कोठेही मिळत नाही. आम्ही चुकीच्या ठिकाणी शोधत आहोत का? (वाचक, मेरीलँड)

उत्तर : आपण जे शोधत आहात ते कागद बहुधा कधी तयारच झाले नव्हते. अमेरिकेत येणाऱ्या प्रत्येक जहाजाने प्रवाशांची यादी देण्याची कायदेशीर सक्ती १८२० पासून सुरू झाली. नागरिकत्वाचे म्हणाल, तर स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याने १६०३ मध्ये इंग्लंडची गादी घेतल्यानंतर स्कॉटलंडमध्ये जन्मलेली व्यक्ती इंग्लंडच्या कायद्याने परकी नाही, असा निर्णय १६०८ मध्ये झाला होता. पेनसिल्व्हेनियात १७२७ नंतर जर्मनांना जशी राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे, तशी स्कॉटिश माणसाला घ्यावी लागत नसे. तो राजाचाच प्रजाजन असल्यामुळे त्याच्या येण्याची नोंद ठेवण्याचे कोणाला कारण नव्हते.

१७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड ही दोन राज्ये एक होईपर्यंत इंग्लंडच्या नौकानयन कायद्यांमुळे स्कॉटलंडला वसाहतींशी उघडपणे व्यापार करता येत नव्हता. म्हणून १६९० च्या सुमारास निघालेला माणूस स्कॉटिश बंदरातूनच निघाला असेल असे गृहीत धरू नये. तो लंडन, ब्रिस्टल किंवा व्हाइटहेवन येथूनही निघालेला असू शकतो.

व्हर्जिनियात त्याच्या येण्याचा अप्रत्यक्ष पुरावा मिळण्याची दोन ठिकाणे आहेत. माणूस स्वखर्चाने वसाहतीत आणणाऱ्याला दरमाणशी ५० एकर जमिनीचा हक्क मिळत असे आणि जमीन-सनदेत आणलेल्या माणसांची नावे लिहीत. रिचमंड येथील व्हर्जिनियाच्या ग्रंथालयात या सनदा आहेत. मात्र हा हक्क विकता येत असे, त्यामुळे माणूस आला एका साली आणि त्याच्या नावावर जमीन मागितली गेली दहा वर्षांनंतर, असे घडे. सनदेचे वर्ष म्हणजे ‘यापूर्वी केव्हातरी आला’ एवढेच. दुसरे ठिकाण म्हणजे काउंटी न्यायालयाच्या आदेशवह्या. लेखी करार नसलेला अल्पवयीन नोकर मालकाला न्यायालयापुढे उभा करावा लागे आणि न्यायाधीश त्याला पाहून त्याचे वय ठरवीत, कारण नोकरीची मुदत वयावर अवलंबून असे. ‘अमुक नोकराचे वय १४ ठरवले’ अशी एका ओळीची नोंद मिळाली की त्याचे अंदाजे जन्मवर्ष, येण्याचा काळ आणि पहिला मालक, तिन्ही एकदम हाती येतात. माझ्या मते व्हर्जिनियातील शोधात या वह्यांइतके दुर्लक्षित साधन दुसरे नाही, कारण त्यांच्या सूचीत नाव नसले तरी पानांत असते आणि पाने चाळण्याचा कंटाळा केला जातो.

सर्वच नोकर राजीखुशीने आलेले नसत. ॲबर्डीनच्या बंदरावरून १७४३ मध्ये पळवून नेलेला आणि अमेरिकेत विकला गेलेला पीटर विल्यमसन हा मुलगा पुढे मायदेशी परतला, त्याने आपली हकिकत प्रसिद्ध केली आणि ॲबर्डीनच्या अधिकाऱ्यांविरुद्ध खटला चालवून १७६२ मध्ये एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयाकडून १०० पौंडांची भरपाई मिळवली. आपल्या घराण्यात ‘लहानपणी पळवून आणले’ अशी आठवण असेल, तर ती केवळ कल्पित म्हणून बाजूला सारू नये.

ज्यांचा पूर्वज अगदी शेवटी, डिसेंबर १७७३ ते १७७६ या काळात निघाला, ते मात्र भाग्यवान आहेत. लोक फार मोठ्या संख्येने देश सोडू लागल्यामुळे सरकारने सीमाशुल्क अधिकाऱ्यांना निघणाऱ्या प्रवाशांची नावे, वय, व्यवसाय, पूर्वीचे राहण्याचे ठिकाण आणि देश सोडण्याचे कारण लिहून घेण्यास सांगितले होते. सर्व बंदरांच्या याद्या उरलेल्या नाहीत, पण ज्या आहेत त्या क्यू येथे असून छापूनही निघाल्या आहेत. वाढता खंड, महाग झालेले धान्य, मंदावलेले विणकाम अशी कारणे त्यांत पुन्हा पुन्हा येतात.

प्रश्न : मॅकग्रेगर आडनावाच्या व्याह्यांना त्यांच्या घराण्याचे राजचिन्ह (ढालीवरील मानचिन्ह) आणि टार्टन, म्हणजे स्कॉटिश चौकडीचे कापड, भेट द्यावयाचे आहे. खरे चिन्ह कोणते, हे कसे ओळखावे? (वाचक, अटलांटा)

उत्तर : स्कॉटलंडच्या कायद्यात राजचिन्ह आडनावाचे नसते, एका व्यक्तीचे असते. ते लॉर्ड लायन या अधिकाऱ्याने दिलेले असावे लागते आणि त्याची अधिकृत नोंदवही १६७२ पासून आहे. आडनाव टाकून चिन्ह विकत देणाऱ्या दुकानांतील कागदाला वंशशोधात काहीच किंमत नाही. कुळप्रमुखाचे शिरोभूषण पट्ट्याच्या वर्तुळात बसवलेला बिल्ला मात्र कुळातील कोणीही लावावा असा प्रघात आहे, म्हणून तो द्यावा. टार्टन भेट म्हणून सुंदरच आहे. फक्त एकेका कुळाला एकेक ठरावीक नक्षी ही व्यवस्था बहुतांशी एकोणिसाव्या शतकात पक्की झाली, हे लक्षात असू द्यावे. वसाहतकाळातील पूर्वजाने तेच कापड नेसले होते असे त्यावरून ठरत नाही.

आपल्या व्याह्यांच्या आडनावाचा इतिहास मात्र शोधाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. मॅकग्रेगर हे नाव धारण करण्यास १६०३ मध्ये बंदी घातली गेली. मध्यंतरी ती उठली, १६९३ मध्ये पुन्हा लागू झाली आणि १७७४ मध्ये कायमची रद्द झाली. त्या काळात या कुळातील लोकांनी कॅम्पबेल, मरे, ड्रमंड, ग्रँट अशी नावे घेतली. म्हणून अमेरिकेत मॅकग्रेगर म्हणवणाऱ्या माणसाचा बाप स्कॉटलंडच्या नोंदवहीत वेगळ्याच नावाने असू शकतो आणि याच्या उलटही घडते.

प्रश्न : माझ्या पतीचे घराणे मेन राज्यातील बर्विकचे. मूळ पुरुष डनबारच्या लढाईतील कैदी होता, असे घरात सांगतात. हे सिद्ध करता येईल का? (वाचिका, बोस्टन)

उत्तर : ही हकिकत ठिकाणाशी जुळते, म्हणून आशेला जागा आहे. ३ सप्टेंबर १६५० रोजी स्कॉटलंडमधील डनबार येथे इंग्रज सेनापती क्रॉमवेलने स्कॉटिश सैन्याचा पराभव केला. कैद्यांना दक्षिणेकडे डरहमपर्यंत चालवत नेले आणि तेथील कॅथीड्रलमध्ये कोंडले. भूक आणि रोगराईने त्यांच्यातील फार मोठी संख्या मरण पावली. २०१३ मध्ये कॅथीड्रलशेजारच्या बांधकामात सापडलेले सांगाडे याच कैद्यांचे असल्याचे पुढे संशोधकांनी सिद्ध केले. जे जगले त्यांपैकी सुमारे १५० जणांना ‘युनिटी’ या जहाजातून बोस्टनला पाठवले आणि काही वर्षांच्या सक्तीच्या नोकरीसाठी विकले. त्यांतील बरेच जण लिनजवळच्या लोखंडाच्या कारखान्यात आणि बर्विक परिसरातील लाकूड कापण्याच्या गिरण्यांत लागले. एका वर्षाने, ३ सप्टेंबर १६५१ रोजी, इंग्लंडमधील वुस्टरची लढाई झाली आणि तिच्यात पकडलेल्यांचे ‘जॉन अँड सारा’ हे जहाज त्यानंतर बोस्टनला आले.

या दोन जहाजांतील फरक आपल्यासाठी निर्णायक आहे. ‘जॉन अँड सारा’ची नावनिशीवार यादी सफोक काउंटीच्या दस्तऐवजांत टिकून आहे, ‘युनिटी’ची यादी उपलब्ध नाही. म्हणून डनबारच्या कैद्यांची नावे कारखान्याच्या मालमत्तेच्या याद्या, गावाने दिलेल्या जमिनी, न्यायालयाच्या नोंदी आणि १६५७ मध्ये बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या स्कॉट्स चॅरिटेबल सोसायटीच्या वह्या यांतून जुळवावी लागतात. आपला पूर्वज १६५० च्या दशकात बर्विकला दिसतो, त्याच्या शेजारी इतर कैदी दिसतात आणि कागदात त्याला ‘स्कॉट’ म्हटले आहे, इतके जमले तर ‘बहुधा डनबारचा कैदी’ असे प्रामाणिकपणे लिहिता येईल. नावांच्या लेखनाबाबत सैल राहावे. गेलिक, म्हणजे हायलँडच्या भाषेतील, नाव इंग्रज कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले आहे आणि एकाच माणसाचे नाव एकाच वहीत तीन प्रकारे येते. स्कॉटलंडमधील आईवडील मिळण्याची शक्यता फार कमी आहे, कारण त्या काळातील नोंदवह्याच थोड्या उरल्या आहेत. वंशवृक्ष बर्विकला थांबला तरी तो अपुरा मानू नये.

प्रश्न : आमच्या सुनेचा पूर्वज १७१८ मध्ये बोस्टनला उतरला आणि न्यू हॅम्पशायरमध्ये राहिला. घरचे त्याला स्कॉटिश म्हणतात, पण जहाज आयर्लंडहून आलेले दिसते. मग तो आयरिश की स्कॉटिश? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : तो अल्स्टरचा प्रेस्बिटेरियन असणार. आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात १६०९ नंतर सरकारी योजनेने स्कॉटलंडच्या लोलँड या सखल भागातील लोक मोठ्या संख्येने वसवले गेले आणि शंभर वर्षांनी त्यांच्या नातवंडांनी, पणतवंडांनी पुन्हा समुद्र ओलांडला. १७१८ च्या उन्हाळ्यात त्यांची पाच जहाजे बोस्टनला आली आणि अघाडोई येथील पाद्री जेम्स मॅकग्रेगर यांच्याबरोबरच्या लोकांनी पुढल्या वर्षी न्यू हॅम्पशायरमध्ये जे गाव वसवले, त्याचेच नाव पुढे लंडनडेरी झाले.

निघण्यापूर्वी, २६ मार्च १७१८ रोजी, अल्स्टरच्या तीनशेहून अधिक लोकांनी मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरला अर्ज केला होता आणि बहुतेकांनी स्वतःच्या हाताने सह्या केल्या होत्या. त्या यादीत आपल्या पूर्वजाचे नाव आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. त्यानंतरचा शोध बेलफास्टच्या पुराभिलेखागारात करावा. १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत आयर्लंडचे फार मोठे दस्तऐवज नष्ट झाले, पण १६३० च्या सुमाराची शस्त्रधारी पुरुषांची यादी आणि १६६० च्या दशकातील चूलकराच्या याद्या काही काउंट्यांसाठी नकलांच्या रूपाने उरल्या आहेत. त्याआधीचे, स्कॉटलंडच्या एअरशर किंवा गॅलोवेमधील नेमके गाव मिळणे दुर्मीळ आहे. बहुतेकांचा शोध अल्स्टरमधील एखाद्या शिवारापर्यंत पोहोचतो.

प्रश्न : पेनसिल्व्हेनियातील एका थडग्यावर ‘फाइफ येथे जन्म, १७३१’ असे कोरलेले आहे. स्कॉटलंडच्या सरकारी संकेतस्थळावर त्या नावाच्या चार बाप्तिस्म्यांच्या नोंदी १७२९ ते १७३३ या काळात मिळाल्या. त्यांतील आमचा कोणता? (वाचक, पिट्सबर्ग)

उत्तर : आपण थडग्यापासून निघालात, हे फार चांगले केले, कारण पुष्कळ जण चारांपैकी त्यातल्या त्यात प्रतिष्ठित घरातील मूल निवडून मोकळे होतात. प्रथम एक गोष्ट मनाशी बाळगावी की, ही चार मुले म्हणजे त्या काळात जन्मलेली सर्व मुले नव्हेत. ज्यांची नोंद झाली आणि ज्यांच्या वह्या टिकल्या, तेवढीच ही आहेत. स्कॉटलंडमधील नऊशेहून अधिक पॅरिशांपैकी एरोलची वही १५५३ इतकी जुनी आहे, पण कित्येक पॅरिशांच्या वह्यांत वर्षानुवर्षांची खिंडारे आहेत. फाइफच्या बाबतीत आणखी एक खास कारण आहे. १७३३ मध्ये शेजारच्या किनरॉसशरमध्ये गेर्नी ब्रिज येथे पाद्री एबेनेझर अर्स्किन आणि त्यांच्या सोबत्यांनी सरकारमान्य चर्चपासून वेगळे होऊन स्वतंत्र प्रेस्बिटेरी (पाद्री व वडीलमंडळींची कारभारी सभा) स्थापन केली आणि त्या पंथाला या भागात मोठे अनुयायी मिळाले. अशा कुटुंबांतील मुले पॅरिशच्या वहीत नसण्याचा संभव असतो. आपला पूर्वज पेनसिल्व्हेनियात १७५३ नंतर याच फुटीर पंथाच्या मंडळीत दिसत असेल, तर त्याच्या धाकट्या भावंडांचा शोध पॅरिशच्या वहीबाहेरही घ्यावा लागेल.

चारही मुलांचा मागोवा शेवटपर्यंत घ्यावा. त्याच आईवडिलांनी काही वर्षांनी दुसऱ्या मुलाला तेच नाव दिले असेल, तर पहिले मूल बहुधा वारले. एखाद्याचे लग्न आणि मुलांचे बाप्तिस्मे १७६० च्या दशकातही फाइफमध्येच दिसत असतील, तर तोही बाद. अशा रीतीने एकच उरला तरी तो ‘उरला’ म्हणून आपला ठरत नाही. त्याच्या बाजूने काही भरीव मिळाले पाहिजे. स्कॉटलंडच्या नोंदींचा एक मोठा गुण येथे कामी येतो. तेथे स्त्री लग्नानंतरही कागदोपत्री माहेरच्या आडनावाने ओळखली जाई आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे माहेरचे नाव बहुधा असते. साक्षीदारांत आजोबा, मामा असतात. पेनसिल्व्हेनियातील आपल्या पूर्वजाने मुलांची कोणती नावे ठेवली, ती या आईच्या माहेराशी ताडून पाहावीत. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, थोरल्या मुलीला आईच्या आईचे नाव ठेवण्याची चाल स्कॉटिश कुटुंबांत पुष्कळ होती. हा नियम नव्हता, त्यामुळे त्यावरून निर्णय करू नये, पण चार उमेदवारांत क्रम लावण्यास तो उपयोगी पडतो.

त्यानंतर वारसाहक्काचे कागद पाहावेत, कारण समुद्राच्या दोन्ही काठांना जोडणारा धागा बहुधा तेथेच सापडतो. १८६८ पर्यंत स्कॉटलंडमध्ये जमीन मृत्युपत्राने देता येत नसे. ती सामान्यतः थोरल्या मुलाकडे जाई आणि धाकटे मुलगे बाहेर पडत. थोरला भाऊ निपुत्रिक वारला, तर अमेरिकेतील धाकट्याला आपण वारस असल्याचे सिद्ध करावे लागे आणि त्या निवाड्याच्या नोंदीत ‘अमुक, पेनसिल्व्हेनियातील शेतकरी, अमक्याचा भाऊ’ असे स्पष्ट लिहिलेले मिळते. या निवाड्यांच्या १७०० पासूनच्या सूच्या छापलेल्या आहेत. जमिनीच्या हस्तांतराची राष्ट्रीय नोंदवही १६१७ पासून आहे. स्कॉटलंडबाहेर मरण पावलेल्या स्कॉटिश व्यक्तीची तेथील जंगम मालमत्ता वाटावयाची असेल, तर ते काम एडिंबरोच्या कमिसरी न्यायालयाकडे जाई. त्या नोंदी आपण पाहिलेल्या संकेतस्थळावरच आहेत. चर्चच्या वडीलमंडळींच्या सभांचे वृत्तान्तही तेथे पाहण्यास खुले आहेत. गाव सोडून जाणाऱ्याला चांगल्या वर्तणुकीचा दाखला दिल्याची नोंद त्यांत सापडली, तर तो दिवस सोन्याचा समजावा.

तारखांबाबत एक सावधगिरी. स्कॉटलंडमध्ये १६०० पासून नवे वर्ष १ जानेवारीला सुरू होई, इंग्लंडमध्ये आणि अमेरिकन वसाहतींत मात्र १७५२ पर्यंत ते २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी ते मार्चमधील एकाच दिवसाला दोन किनाऱ्यांवर दोन वर्षे लागतात. थडग्यावरील १७३१ हे साल कोणी, केव्हा आणि कोणत्या गणनेने सांगितले हे ठाऊक नसल्याने १७३० व १७३२ च्या नोंदीही तितक्याच गांभीर्याने घ्याव्यात.

हे सर्व करूनही दोन उमेदवार उरले, तर डीएनए चाचणीचा विचार करावा, पण योग्य चाचणीचा. सर्वसाधारण चाचणीत आठ पिढ्यांमागील एका पूर्वजाचा वाटा सरासरी २५६ व्या भागाइतका उरतो आणि प्रत्यक्षात तो शून्यही असू शकतो. बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जाणारा वाय गुणसूत्राचा वारसा मात्र इतक्या पिढ्यांनंतरही वाचता येतो. त्यासाठी आपल्या घराण्यातील अखंड पुरुषवंशाचा एक वारस आणि फाइफच्या त्या उमेदवाराच्या भावाच्या पुरुषवंशातील एक वारस, दोघांची चाचणी हवी. दोन्ही जुळल्या तर दोघे एका पुरुषवंशाचे आहेत एवढे कळेल. तो पूर्वज नेमका कोणता, हे तरीही वारसाहक्काच्या त्या नोंदींतूनच ठरवावे लागेल. म्हणून चाचणीसाठी पैसे खर्च करण्यापूर्वी १७५० ते १८०० मधील निवाड्यांच्या सूच्या आडनावाच्या प्रत्येक संभाव्य लेखनाने पाहून घ्याव्यात.